संडासातलं कॅलेंडर

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी ७.१०

नवी वही. जुनी फेकून दिली, तिच्यात फार तक्रारी होत्या. या वहीत फक्त निर्धार लिहायचे.

नऊ नोव्हेंबरला सत्तर पूर्ण. शरीर पन्नाशीचं, डोकं चाळिशीचं. (गुडघे हिशेबात धरलेले नाहीत.) रोज सायकल चालवायची, तीही साधी. बॅटरीची सायकल म्हणजे म्हातारपणाला स्वतःहून दार उघडून आत घेणं. कॉफीबरोबर एकच बिस्किट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शाळेतल्या मित्रांना पुन्हा एकत्र आणायचं.

मेन्नो, रिकुस आणि मी. शाळेत आम्हा तिघांना कधी कोणी वेगळं बघितलं नाही. म्होरक्या अर्थात मी. मेन्नो अभ्यासात बरा होता, रिकुस तोतरा होता. हेनी आमच्याच वर्गातली, पुढे मेन्नोची बायको झाली. माझी झाली नाही, कारण मी विचारलं नाही. (विचारलं होतं, पण गंभीरपणे नाही.) सगळे इथेच, हॉलंडातल्या या छोट्याशा मेप्पेलमध्ये राहतात, सायकलने दहा मिनिटांवर. एकवीस वर्षांत भेट नाही. यात कोणाचाच दोष नाही, माझा तर नाहीच नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर. सकाळी ८.३०

संडासात बसल्या बसल्या कॅलेंडरचा आढावा घेतला. घरोघरी असतं तसं माझ्याकडेही ते बरोबर समोर टांगलंय. त्यावर वार नसतात, तारखेपुढे नुसतं नाव, त्यामुळे दरवर्षी तेच कॅलेंडर, बसल्या जागेवरून सगळ्यांचे वाढदिवस दिसतात. विसरायची सोयच नाही.

लोक त्यावर पेनने लिहितात. भावनेच्या भरात लिहितात. मी पेन्सिल वापरतो. सलग दोन वर्षं मला कार्ड आलं नाही की खोडरबर. बत्तीस वर्षं गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या, शंभरातले एकसष्ट नापास केले, त्यामुळे नियम म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. योहानाचं नाव घटस्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी पुसलं. तिथे कागद जरा फाटलाय.

एके काळी अठ्ठावन्न नावं होती. आता सहा. मुलगी मार्लेन, दातांचे डॉक्टर, मेन्नो, हेनी, रिकुस आणि आई. आईच्या नावापुढे छोटासा क्रूस. मेलेल्यांना पुसायचं नसतं, पुढे क्रूस काढायचा, ही सगळीकडची रीत आहे. मेलेल्यांकडून कार्डाची अपेक्षा नसते, तेवढा त्यांना फायदा.

मेन्नो, हेनी आणि रिकुस यांना दोन वर्षांचा नियम मी लावलेला नाही. माझं मन मोठं आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

मेन्नोकडे फोन केला. हेनीने उचलला. तिला ओळखायला वेळ लागला, कारण माझ्या आवाजाचं वय झालेलं नाही. म्हटलं, उद्या कॉफीला येतो. म्हणाली, थांब, डायरी बघते. बराच वेळ पानं उलटण्याचा आवाज. मग म्हणाली, ३ ऑक्टोबर, दहा वाजता, अकराला आम्हाला बाहेर जायचंय.

चार आठवड्यांनी अख्खा तास. एवढ्या गडबडीच्या माणसांनी माझ्यासाठी एवढं काढलं. डोळे पाणावले. (कांदा चिरत होतो.)

शनिवार, १४ सप्टेंबर

बॅटरीची सायकल घेतली. गुडघ्यासाठी नाही, उलट्या वाऱ्यासाठी. वारा म्हातारपणात मोडत नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर. दुपारी ४.००

ठरलं. सत्तरावा वाढदिवस माझ्या घरी, खुर्च्या गोलात मांडून, रीतसर. मी भाषण करणार. विषय: १९७० च्या जानेवारीतला बर्फ. आमच्या मैत्रीचा कळसच तो. मुद्दे काढून ठेवतो.

कालवा गोठला होता. आम्ही तिघं स्केट घालून निघालो. पुलाखाली बर्फ नेहमी पातळ, तिथे काठावर चढून पुलाला वळसा घालायचा असतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण रिकुस घाबरट. त्याला धीट करायची जबाबदारी माझी. मी म्हटलं, बर्फ मी स्वतः तपासलाय, जा बिनधास्त. (तपासणारच होतो.) तो गेला आणि खाली गेला. अशी काही धमाल. टोपी तेवढी वर तरंगत होती. मग आम्ही त्याला बाहेर काढलं. त्याचे बूट मी सबंध वेळ सांभाळले, एका मिनिटासाठीसुद्धा खाली ठेवले नाहीत.

नंतर त्याला न्यूमोनिया झाला, वर्ष बुडालं, शाळा सुटली आणि तो बापाच्या चीजच्या गाडीवर उभा राहिला. आज बाजारात सगळ्यात जास्त गर्दी त्याच्याकडे असते. त्या दिवशी मी नसतो तर कुठेतरी कारकून झाला असता.

त्याच्या तोतरेपणावरही मी पुष्कळ मेहनत घेतली. पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचो. कोणाला एवढा पेशन्स असतो.

गुरुवार, ३ ऑक्टोबर. दुपारी १२.२०

मेन्नोकडे जाऊन आलो. फार छान झालं. जसं घडलं तसं लिहितो.

पोचलो ९.५२ ला, आठ मिनिटं कुंपणापाशी थांबलो. हेनीने दहाला दार उघडलं. मेन्नोचे केस गेलेत, पोटही सुटलंय. मी त्याला तसं सांगितलं, मित्रांत आडपडदा कशाला. कॉफी, एक बिस्किट, आणि हेनीने डब्याला झाकण लावून डबा कपाटात ठेवला. सगळीकडे असंच असतं, पण झाकण जरा जोरात लावलं असं वाटलं. बास नावाचं म्हातारं मांजर माझ्या कोटावर झोपलं. केस अजून निघत नाहीयेत.

मी बराच वेळ बोललो. मेन्नो हं हं म्हणत होता. हेनी मध्येच म्हणाली, "तू मला दोनदा नापास केलंस, एव्हर्ट. दुसऱ्यांदा सातवा महिना होता मला." मी तिला समजावलं की पोटात बाळ असणं आणि आरशात न बघणं यांचा काही संबंध नाही. तिने माझा रिकामा कप उचलून नेला. पटलं असावं.

१०.४० ला त्यांच्या संडासात गेलो.

कॅलेंडर नवं होतं, ट्यूलिपचं. सगळी नावं हेनीच्या तिरक्या अक्षरात, पेनने. एकवीस मार्चला रिकुस, शेजारी चीजचं चित्र काढलेलं. नोव्हेंबर उघडला. नऊ तारखेपुढे लिहिलंय: बास.

मांजर.

दोनदा बघितलं. दुसरं कोणी नाही.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर. पहाटे ५.४०

झोप नीट लागली नाही. कॉफी जास्त झाली असणार. (एकच कप होता.)

शांतपणे विचार केला. कॅलेंडर नवं आहे. जुन्यावरून नव्यावर नावं उतरवताना चुका होतातच. जुन्या कॅलेंडरवर नऊ तारखेला "एव्हर्ट, बास" असणार, उतरवताना पहिलं नाव राहून गेलं. कारकुनी चूक. बत्तीस वर्षं कागदपत्रं हाताळली, अशी चूक मला लगेच दिसते.

म्हणूनच मी ती काल तिथल्या तिथे दुरुस्त केली. शब्दकोड्यासाठी दोरीला पेन बांधलेलं होतं. बासच्या वर जागा होती. हेनीच्या अक्षराशी जुळेल असं तिरकं लिहिलं: एव्हर्ट, ७०! पेन्सिल खिशात होती, पण काही दुरुस्त्या कायमच्याच केलेल्या बऱ्या.

गुरुवार, १७ ऑक्टोबर. दुपारी २.००

बाजारात रिकुसच्या गाडीवर गेलो. योगायोगाने भेट झाली, असं दिसावं म्हणून आधी तीन फेऱ्या मारल्या.

आता गाडी त्याचा जावई सांभाळतो, रिकुस मागे स्टुलावर बसतो. मला बघून लगेच ओळखलं. त्याचा चेहरा बदलला. भावना दाबून धरल्या असणार. मी त्याला वाढदिवसाचं तोंडी आमंत्रण दिलं आणि म्हटलं, बर्फाची गोष्ट सांगणार आहे मी, सगळ्यांसमोर.

तो जुन्या चीजचा तुकडा कापत होता. हळूच म्हणाला, "कुठली गोष्ट? तुझी का माझी?"

हजरजबाबी झालाय. पूर्वी एवढं वाक्य म्हणायला त्याला अर्धा तास लागला असता. अर्धा किलो चीज घेतलं. मित्राच्या भावात देईल असं वाटलं होतं. त्याने पाटीवरचाच भाव लावला.

शनिवार, २६ ऑक्टोबर

छापील आमंत्रणं पाठवली. दुपारी दोन वाजता, भेटवस्तू नकोत. (म्हणजे आणतीलच.) मोक्का केक सांगून ठेवला, बारा तुकड्यांचा, वर चॉकलेटने माझं नाव. शेजारच्या आफ्काकडून चार खुर्च्या आणायचं ठरलं. तिने विचारलं, एवढ्या कशाला? काही बायकांना कल्पनाशक्तीच नसते.

मार्लेनशी फोनवर बोललो. नऊ तारखेला तिला काम आहे, पण नक्की फोन करेन म्हणाली. मागच्या वर्षीही असंच म्हणाली होती, आणि केलाही होता, तेरा तारखेला.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर. सकाळी ११.१५

हेनीचं उत्तर आलं. कार्डावर दोन ओळी: नऊ तारखेला आमच्याकडे घरातच वाढदिवस आहे, येणं जमणार नाही. मेन्नो आणि हेनी.

वाचून आधी खट्टू झालो. कॉफी केली, बिस्किटं खाल्ली. (चार.) पुन्हा वाचलं.

घरातच वाढदिवस. नऊ तारखेला. त्यांच्या कॅलेंडरवर नऊ तारखेला नाव कोणाचं आहे?

माझं.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. म्हणजे हे लोक मला सरप्राईज देतायत. हेनी संडासात बसली, सत्तर वाचलं, आणि दोघांनी मिळून ठरवलं. म्हणून तर येणं जमणार नाही, कारण जायचं मीच आहे. रिकुसचं बाजारातलं ते विचित्र वागणं, तेही आता कळलं. पोटात मावत नव्हतं त्याच्या.

राहता राहिला बास. पण मांजराचा वाढदिवस कोण करतं?

शनिवार, २ नोव्हेंबर

वागण्यात काही दिसू द्यायचं नाही. केक रद्द केला नाही, आफ्काच्या खुर्च्याही आणल्या. कोणी पाळतीवर असेल तर त्याला वाटलं पाहिजे की मला काहीच माहीत नाही. आरशासमोर आश्चर्याचा चेहरा करून बघितला. भुवया वर जातात, पण डावी जरा उशिरा.

भाषण पाठ झालं. रिकुसवर दोन नवे विनोद घातले.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सकाळी ७.००. वय सत्तर. आरशात बघितलं. आमच्या बाथरूमचा दिवा बदलायला झालाय.

१०.३०. पोस्टमन आला, पुढे गेला. कार्ड एकही नाही. साहजिकच आहे, सगळे हातात देणार.

दुपारी १.००. केक आला. खुर्च्या गोलात मांडल्या. नवा शर्ट घातला. मला न्यायला बहुधा मेन्नो येईल, काहीतरी बहाणा करून.

२.१५. अजून कोणी नाही. बहाणा सुचत नसणार. मेन्नो पहिल्यापासून मंद.

२.४५. त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. मीच निघतो. केक सायकलच्या कॅरियरला बांधलाय.

संध्याकाळी ६.१५. परत आलो. लिहितो.

त्यांच्या खिडकीचे पडदे उघडे होते. रस्त्यावरूनच दिसलं. कागदी पताका, फुगे, गोलात खुर्च्या. मेन्नो, हेनी, रिकुस, आणखी आठदहा माणसं. आणि मध्ये ती खुर्ची, कागदी फुलांनी सजवलेली, आपल्याकडे वाढदिवसाच्या माणसाला देतात ती. सत्तर वर्षांत मला कोणी खुर्ची सजवून दिलेली नाही. ठरवलेला आश्चर्याचा चेहरा करायचा राहूनच गेला, आपोआप झाला.

हेनीने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. मी केक तिच्या हातात दिला आणि आत शिरलो.

गोलात पहिल्यापासून शेवटपर्यंत हात मिळवत गेलो. एकजात सगळे म्हणाले, अभिनंदन. आपल्याकडे वाढदिवस कोणाचाही असो, आलेला प्रत्येक माणूस घरातल्या प्रत्येकाला अभिनंदन म्हणतो, आणि घरातलेही त्याला म्हणतात. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी मी प्रत्येकाला म्हणालो, थँक्यू, खरंच, एवढं कशाला केलंत. रिकुसनेही अभिनंदन म्हटलं, माझा हात धरलाच नाही.

सजवलेल्या खुर्चीत बास झोपला होता. मी त्याला उचलून खाली ठेवलं आणि बसलो.

हेनीची सहा वर्षांची नात फेन्ना म्हणाली, "ती बासची खुर्ची आहे. बास आज अठरा वर्षांचा झाला." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा वर बघितलं. पताकांवर मांजराच्या पावलांची चित्रं होती, आणि फुग्यांवर अठरा.

उठायला हवं होतं. पण भाषण पाठ होतं, आणि समोर पहिल्यांदाच एवढी माणसं होती. ग्लासावर चमचा वाजवून सुरुवात केली. कालवा, पूल, टोपी. विनोद दोन्ही केले. कोणी हसलं नाही, त्यामुळे दुसरा पुन्हा केला. मग सांगितलं, आम्ही रिकुसला कसं बाहेर काढलं.

रिकुस बसूनच बोलला. आवाज अजिबात चढवला नाही.

"मला मेन्नोने काढलं. पोटावर सरपटत येऊन, मफलर टाकून. तू पुलावर होतास आणि माझे बूट तुझ्या हातात होते. स्केट काढले होते, पायात काही नव्हतं माझ्या, मी तुझ्याकडे बूट मागितले. तू म्हणालास, आधी न अडखळता माग, मग देतो. मी मागत राहिलो, तू घड्याळ बघत राहिलास. सतरा मिनिटं, एव्हर्ट. दुसऱ्या दिवशी शाळेत तूच सगळ्यांना सांगितलंस, सतरा मिनिटं."

मेन्नो खिडकीबाहेर बघत होता. हेनीने केक टेबलावर ठेवला होता, झाकणही उघडलं नव्हतं.

एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. एवढं सगळं बोलताना रिकुस एकदाही अडखळला नाही. माझ्या मेहनतीचं फळ.

तेवढ्यात फेन्ना आजीला म्हणाली, "एव्हर्ट म्हणजे आपल्या संडासातले ना? पण ते तर मेलेत."

मी उठलो आणि संडासात गेलो. दाराला आतून कडी लावली. नोव्हेंबर उघडाच होता. एव्हर्ट, ७०! आणि पुढे छोटासा क्रूस, व्यवस्थित, पट्टीने काढल्यासारखा.

किती वेळ बसलो आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा हेनी माझा कोट हातात धरून उभी होती. मी विचारलं नव्हतं, तरी ती हळू आवाजात म्हणाली, "पेनने लिहिलंस तू. घासून घासून पुसेना. मग करणार काय?"

कोटाची बटणं तिने लावून दिली. पन्नास वर्षांत कोणी लावली नव्हती. मग दार बंद झालं.

सायकलची बॅटरी वाटेत संपली. वारा उलटा होता.

रविवार, १० नोव्हेंबर

सकाळी ८.००. शांत झोप लागली. (नाही.)

भावनेच्या भरात न जाता विचार केला. पहिली गोष्ट, भाषण थोडं लांबलं. दुसरी, माणसाची आठवण वयानुसार बिघडते, रिकुसची बिघडली आहे. सतरा मिनिटं नव्हती. बारा होती.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा सुचली. हेनीने माझं नाव खाडाखोड करून काळं केलं नाही. वर कागद चिकटवला नाही. क्रूस काढला. आणि क्रूस काढलेलं नाव कोणी पुसत नाही. कॅलेंडर बदललं तरी ते पुढच्या कॅलेंडरवर जातं. आता मेन्नोच्या घरी दरवर्षी नऊ तारखेला मी असणार, बासच्या वर. आणि मी कार्ड पाठवलं नाही तरी चालेल.

९.१५. आमच्या संडासात गेलो. खोडरबर घेऊन मेन्नो, हेनी आणि रिकुस यांची नावं पुसायचं ठरवलं होतं. मेन्नोचा "मे" पुसला आणि थांबलो. तिघं गेले की कॅलेंडरवर मार्लेन, दातांचे डॉक्टर आणि आई. "मे" पुन्हा लिहिला.

निर्धार: उद्या मेन्नोकडे फोन करायचा. केकचा डबा तिथेच राहिलाय, तो आणायच्या निमित्ताने जाता येईल. हेनी डायरी बघेल, डिसेंबरमधला एखादा दिवस देईल. तोवर रिकुसही निवळेल. आपली माणसं आहेत ती.

१०.४०. दारात काहीतरी वाजलं म्हणून उघडलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. पायरीवर केकचा डबा, नव्या दोरीने बांधलेला. चिठ्ठी नाही. स्वयंपाकघरात नेऊन उघडला. बारा तुकडे. माझं नाव चॉकलेटमध्ये जसंच्या तसं, एक अक्षरही कमी नाही.

१०.५५. आफ्काच्या खुर्च्या परत द्यायच्या आहेत. तिने विचारलं तर सांगायचं, सगळे आले होते.